रिकामे महिने : डोंगरकुशीतील शेतीचा एक अभ्यासपाठ

(इयत्ता ६ वी व ७ वीच्या परिसर-अभ्यासासाठी)

शेती हा विषय प्राथमिक शाळेस नवा नाही. पिकांची नावे, हंगाम, अवजारे, खते यांची माहिती पाठ्यपुस्तकांतून येते आणि बहुतेक विद्यार्थी ती बिनचूक सांगतातही. परंतु खरिपाची पाच पिके धडाधड सांगणाऱ्या त्याच मुलास ‘घरी पिकलेले धान्य कोणत्या महिन्यापर्यंत पुरते?’ असा प्रश्न केला, तर तो गप्प राहतो. त्यास उत्तर ठाऊक नसते असे नव्हे. कणगीचा तळ दिसू लागला म्हणजे आईचा आवाज कसा बदलतो, हे शेतकऱ्याच्या मुलास कोणी शिकवावे लागत नाही. हे ज्ञान वर्गात सांगण्याजोगे आहे, असे मात्र त्यास कधी वाटलेले नसते. प्रस्तुत पाठाची मांडणी या दुसऱ्या प्रश्नाभोवती केली आहे.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील दर शंभर खातेदारांपैकी सुमारे ८६ खातेदारांची जमीन दोन हेक्टरांच्या, म्हणजे सुमारे पाच एकरांच्या आत आहे, आणि या सर्वांच्या वाट्यास एकूण क्षेत्राचा निम्म्याहूनही थोडा कमी भाग येतो. एक हेक्टरापर्यंत जमीन असणाऱ्यास अत्यल्पभूधारक व एक ते दोन हेक्टर जमीन असणाऱ्यास अल्पभूधारक म्हणतात. ही व्याख्या फळ्यावर लिहून पुढे जाण्यास हरकत नाही. मुलांना एकर, गुंठा व हेक्टर यांचे कोष्टक आधीच येत असते. ज्या गोष्टीस वेळ द्यावयाचा, ती पुढे आहे.

अभ्यासासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग घेतला आहे. कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर याच भागात असून रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या पायथ्याशी महादेव कोळी, ठाकर आदी समाजांच्या वाड्यावस्त्या आहेत. घाटमाथ्यावर घाटघर-रतनवाडीकडे पावसाची मोजणी हजारो मिलिमीटरांत होते आणि तालुक्याच्या पूर्व टोकास तोच पाऊस पाच-सहाशेवर येतो. सखल जागी भातखाचरे, उतारावर नागली, वरई व खुरासणी, आणि त्याहून चढावर गवत व झाडी, अशी येथील शेतीची रचना आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले व त्याच्या पाण्यावर खालच्या तालुक्यांतील ऊस उभा राहिला. ज्या डोंगरांवर हा पाऊस कोसळतो, तेथील स्त्रियांना चैत्र-वैशाखात हंड्यासाठी पायपीट करावी लागते, ही गोष्ट भूगोलाच्या तासास सांगितली असता ‘उतार’ व ‘मृदेची धारणशक्ती’ हे शब्द मुलांना वेगळे समजवावे लागत नाहीत.

आता वर्षाचे चक्र पाहू. नागली, वरई व भात ही पिके आश्विन-कार्तिकात घरी येतात. दिवाळी भरल्या घरात होते. मार्गशीर्षापासून कर्ती माणसे मजुरीसाठी खाली उतरतात. नारायणगावच्या मजूरबाजारात त्यांतील अनेकांना काम मिळते, आणि ज्या घरी वृद्ध माणूस नाही त्या घरची मुलेही आईबापांबरोबर जातात. हजेरीपटावर पौषापासून ज्या रेघा दिसतात त्यांचे कारण बहुधा हेच असते. वैशाखात राब भाजण्यासाठी माणसे परततात. ज्येष्ठात रोपे टाकणे, आषाढ-श्रावणात चिखलणी व आवणी. वर्षातील सर्वांत कष्टाचे काम या दोन महिन्यांत असते व कणगीही याच दोन महिन्यांत सर्वांत रिकामी असते. भाद्रपदात पीक निसवते, परंतु हाती लागत नाही. कुर्डू, भारंगी, करटोली, चाईचा मोहोर अशा रानभाज्या तेवढ्या रान देते. उरलेली गरज उसनवारीवर भागते. धान्य सवाईने किंवा दिढीने आणावयाचे, म्हणजे एक मण घेतले तर सुगीस सव्वा मण किंवा दीड मण परत करावयाचे, हा व्यवहार जुना आहे. शासनाच्या आदिवासी विकास महामंडळाने खावटी कर्ज देण्यास सुरुवात केली ती या व्यवहारास पर्याय म्हणूनच. ‘खावटी’ म्हणजे खाण्यापुरते धान्य. हा शब्द मुलांना माहीत असतो. त्याचा अर्थ त्यांच्याकडूनच काढून घ्यावा.

येथवर आल्यावर शिक्षकाने फळ्यावर एक हिशेब मांडावा. तो वर्गातील कोणत्याही घराचा नसावा. ‘एक घर आहे’ एवढेच सांगावे व आकडे आपल्या गावच्या उताऱ्याप्रमाणे धरावेत. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत.

घरात माणसे पाच. लहानमोठी धरून दिवसास दोन किलो धान्य, म्हणजे महिन्यास ६० किलो लागते. जमीन ५० गुंठे. त्यांपैकी २० गुंठ्यांत भात, १५ गुंठ्यांत नागली, १५ गुंठ्यांत वरई. भात ४०० किलो झाले. त्यातून १६ किलो बी बाजूस ठेवले. उरलेल्या ३८४ किलोंचा भरडून तीनांत दोन वाटे या प्रमाणात २५६ किलो तांदूळ मिळाला. नागली १२० किलो झाली. तिचे बी किलोभर पुरते, तेव्हा खाण्यास ११९ किलो राहिली. वरई भरडून ६० किलो निघाली. एकूण धान्य ४३५ किलो. यास ६० ने भागले असता सव्वासात महिने येतात. कार्तिकात भरलेली कणगी ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात संपते.

इतक्यावर मुलांना थांबवू नये. गतवर्षी भाद्रपदात याच घराने ६० किलो धान्य सवाईने आणले होते. त्याचे ७५ किलो सुगीतच द्यावे लागले. राहिले ३६० किलो, म्हणजे बरोबर सहा महिने. आता कणगी चैत्रअखेर संपते. यंदा उसनवारी गतवर्षीहून अधिक करावी लागेल व पुढील सुगीस परतफेडही अधिक. ही वजाबाकी तीन वर्षे पुढे चालवून पाहण्यास विद्यार्थ्यांस सांगावे. व्याजाच्या कृत्रिम उदाहरणांपेक्षा ती त्यांना चांगली समजते, आणि एका वाईट वर्षाची झळ पुढील चार चांगल्या वर्षांना कशी लागते हेही तीत दिसते.

याच हिशेबात एक सोयीचे माप सापडते. एक क्विंटल भात भरडले म्हणजे ६६ किलोंच्या आसपास तांदूळ होतो. म्हणजे पाच माणसांच्या घरास एक क्विंटल भात हे एक महिना पुरते. पुढील प्रत्येक उपाय मुलांनी या मापाने मोजावा : याने किती महिने वाढले?

हिशेबात शिधापत्रिकाही धरली पाहिजे, नाही तर तो आजचा हिशेब ठरणार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळण्याची तरतूद झाली. आपल्या नमुन्यातील घरास माणशी ५ प्रमाणे २५ किलो मिळाले, तर स्वतःच्या कणगीतून महिन्यास ३५ किलोच काढावे लागतील. ४३५ किलो धान्य मग बारा महिन्यांस पुरून थोडे उरते. परतफेड वजा जाता उरलेले ३६० किलोही दहा महिन्यांवर पोहोचतात. हा फरक थोडा नाही. पूर्वीच्या पिढीने भोगलेली उपासमार आज त्या स्वरूपात दिसत नाही, याचे मोठे श्रेय या व्यवस्थेस आहे, आणि मुलांना ते स्पष्टपणे सांगावे. धाकट्या भावंडाचे नाव शिधापत्रिकेत चढले आहे की नाही, हे घरी विचारून येण्यास सांगितले तरी पाठाचे एक फळ पदरात पडेल. नाव नसलेल्या प्रत्येक बालकामागे त्या घराचे वर्षाचे ६० किलो, म्हणजे एक महिना, कमी होतो.

मग कागदावर जुळलेला हिशेब घरात का जुळत नाही? कारण घरास धान्याखेरीज मीठ-मिरची, तेल, डाळ, औषधपाणी, वह्या व लग्नकार्य लागते, आणि विकण्यास हाताशी असते ते भातच. भात मार्गशीर्षात विकले जाते, त्या वेळी बाजारात सर्वांचेच भात आलेले असते व भाव पडलेला असतो. श्रावणात तेच घर चढ्या भावाने तांदूळ विकत घेते. दुसरे असे की शिधावाटपात मुख्यतः तांदूळ व गहू येतो. त्याने पोट भरते. परंतु डाळ, तेल, भाजी व अंडे ही शेतातून, परसातून किंवा पैशांतूनच यावयाची. नागलीचे महत्त्व येथे आहे. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास भरते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा शहरांतील दुकानांत नागलीची बिस्किटे मानाने मांडली गेली. ज्या घरांनी ती नागली पिढ्यान्‌पिढ्या पिकवली, त्यांच्या मुलांना मात्र शाळेत डब्यातील काळी भाकरी झाकून खावीशी वाटते. शिक्षकाने या एका गोष्टीकडे लक्ष दिले तरी पुष्कळ झाले.

हळवे, निमगरवे, गरवे

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय नवा नाही. तो वृद्ध शेतकऱ्यांस ठाऊक आहे आणि तरुणांच्या हातून सुटत चालला आहे. भाताच्या जातींचे पक्व होण्याच्या मुदतीवरून तीन वर्ग पडतात. सुमारे ११५ दिवसांच्या आत तयार होते ते हळवे, सुमारे १३५ दिवसांपर्यंतचे ते निमगरवे आणि त्याहून अधिक दिवस घेणारे ते गरवे. हळवे भात उथळ जमिनीत, चढाच्या खाचरात, जेथे पाणी लवकर हटते तेथे लावावयाचे. गरवे भात ओहोळालगतच्या, दिवाळीपर्यंत ओल धरणाऱ्या खाचरात. गरव्या भाताचा उतारा अधिक असतो, म्हणून सर्वच खाचरांत तेच लावण्याचा मोह होतो. किंवा दुकानात जे एकच बी मिळाले ते सगळीकडे टाकले जाते.

यात काय गमावले जाते हे फळ्यावरील घरावरून दाखवावे. वीस गुंठ्यांपैकी पाच गुंठे हळवे भात लावले, तर उताऱ्यात पंचवीस-तीस किलोंची तूट येईल असे धरू. परंतु ते भात इतरांच्या तीन आठवडे आधी घरी येते. ज्या तीन आठवड्यांत घर दिढीने धान्य आणते, नेमके ते तीन आठवडे भरून निघतात. उसने आणलेल्या ४० किलोंवर दिढीने द्यावे लागणारे २० किलोही वाचतात. कोणती तूट मोठी, हे विद्यार्थ्यांनी ठरवावे. सर्वांचे उत्तर एकच येणार नाही, आणि यावे असा आग्रह नको. ज्या घरात उसनवारी नाही, त्या घरास गरवेच सोयीचे असू शकते.

दुसरा लाभ वाईट वर्षी कळतो. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस महाराष्ट्रात ठिकठिकाणी पडलेल्या अवकाळी पावसाने काढणीस आलेल्या व कापून पसरलेल्या पिकांची फार मोठी हानी केली. असा पाऊस कापलेल्या भातावर आठ दिवस राहिला म्हणजे लोंबीतच दाण्यास मोड येतात. ते भात खाण्यास वाईट व बियाण्यास निरुपयोगी होते. ज्या घराचे सर्व भात एकाच आठवड्यात कापणीस येते, त्याचे सर्वस्व त्या आठवड्याच्या हवामानावर अवलंबून राहते. ज्याचे हळवे घरात गेलेले असते व गरवे अजून हिरवे उभे असते, त्याचे मधले तेवढे जाते. पावसाचा आरंभ लांबला तर नुकसानीचा क्रम उलटा लागतो. कोणत्या वर्षी कोणते पीक जाईल हे सांगता येत नाही, म्हणून निरनिराळ्या मुदतीची पिके, हे यामागील तत्त्व होय.

भाताच्या जोडीस उतारावरील पिके हेच काम करतात. वरई लवकर येते. नागली वर्षानुवर्षे टिकते व तिला कीड क्वचितच लागते. म्हणून जुन्या घरांत नागलीची एक कणगी शक्यतो हात न लावता राखून ठेवीत. खुरासणी हलक्या जमिनीत येऊन घरास तेल देते. भात कापल्यावर खाचरात जी ओल राहते तिच्यावर हरभरा, मसूर किंवा वाल टाकला तर डाळीचा प्रश्न काही अंशी सुटतो. परंतु त्यासाठी गावाने एकमताने मोकाट गुरे आवरावी लागतात. एका घराने ठरवून हे होत नाही, आणि अनेक ठिकाणी रब्बीची ही पिके मागे पडली ती जमिनीच्या दोषामुळे नव्हे.

बी

रिकाम्या महिन्यांत जे सर्वांत मोठे नुकसान होते, ते धान्याचे नसते. बियाण्यासाठी वेगळे ठेवलेले मडके फोडले जाते. ज्येष्ठ-आषाढात कणगी संपली, पोरे रडू लागली, तर कोणती आई बियाण्यास हात लावणार नाही? त्या दिवसापासून ते घर बियाण्यासाठी दुकानदाराचे, आणि दुकानदार उधारीत जे देईल त्या जातीचे, बांधील होते. हळवे कोणते व गरवे कोणते हे निवडण्याची मोकळीक तेथे संपते. म्हणून धान्याच्या हिशेबात बी नेहमी पहिल्या ओळीस वजा घालावे, शेवटी उरले तर नव्हे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे यांना शाळेत जावयास मिळाले नाही. त्यांनी भात, वाल, नागली, भाजीपाला यांच्या गावठी जातींचे बी जमविण्यास आरंभ केला, ते दरवर्षी पेरून जिवंत ठेवले व बचत गटांतील स्त्रियांस वाटले. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बायफ या संस्थेचे त्यांना साहाय्य झाले व गावात बियाणे कोष उभा राहिला. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची माहिती सांगताना शिक्षकांनी केवळ पुरस्कारावर भर देऊ नये. कोषातून बी नेणाऱ्याने पीक आल्यावर नेल्याहून अधिक बी परत आणावयाचे, ही बियाणे कोषांची सर्वसाधारण रीत मुलांपुढे मांडावी. सवाई-दिढीत व या रीतीत अंकगणित एकच आहे. वाढीव धान्य कोणाकडे जाते व पुढे त्याचे काय होते, एवढाच काय तो भेद. हा भेद सातवीतील मुले स्वतः शोधून काढू शकतात.

बियाण्यासंबंधी एक घोटाळा शिक्षकांच्या मनातही असतो, तो दूर करणे इष्ट. सुधारित वाण व संकरित वाण एक नव्हेत. भाताच्या सुधारित वाणाचे बी चांगल्या लोंब्या निवडून, भेसळ काढून ठेवले तर पुढील काही वर्षे घरचे वापरता येते. संकरित वाणाचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी राहत नाहीत व उतारा घटतो. ते दरवर्षी विकतच घ्यावे लागते. तेव्हा नवे ते सर्व वाईट व गावठी ते सर्व चांगले, असे मुलांच्या मनावर ठसविणे योग्य नाही. काळभात, जिरवेल, आंबेमोहोर या जाती चवीस व वासास उत्तम, परंतु पेंढा उंच वाढला तर वाऱ्यात लोळतात, हेही तितकेच खरे. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व छापनावाशिवाय विकण्याचा हक्क दिला आहे, ही माहिती ग्रामसभेत जाणाऱ्या पालकांपर्यंत मुलांच्या तोंडून पोहोचल्यास बरे.

बी धरण्याची कृती प्रत्यक्ष पाहावयास मिळावी म्हणून कार्तिकात मुलांना एखाद्या खळ्यावर न्यावे. शेताच्या मधल्या भागातील निरोगी, ठसठशीत लोंब्या झोडणीपूर्वीच निवडणे, त्या उन्हात कडक वाळविणे, दाताखाली दाणा कडकन फुटतो का पाहणे, कडधान्यास चुलीची राख चोळणे, मडक्यात कडुलिंबाचा पाला घालून तोंड शेणमातीने लिंपणे, नागलीची कणसे चुलीवर धुरास टांगणे, या सर्व गोष्टी सांगण्यास त्या घरातील आजीबाईच योग्य शिक्षिका होत. शिक्षकाने त्या वेळी श्रोत्यांत बसावे. बी दोन ठिकाणी ठेवण्याची चालही त्यांना विचारावी. पुष्कळ घरांत अर्धे बी लेकीच्या किंवा भावाच्या घरी ठेवीत, म्हणजे आग लागली, घर गळले, तरी एक वाटा राहतो.

उतारा

त्याच वीस गुंठ्यांत अधिक भात पिकविणे हा उपाय सर्वांना पहिल्याने सुचतो. तो खर्चाच्या वाटेने नेला तर कर्ज वाढते. अल्प खर्चाची एक पद्धत महाराष्ट्रात डॉ. नारायण सावंत यांनी प्रचारात आणली. ती चारसूत्री भातशेती या नावाने ओळखली जाते. भाताचे तूस व पेंढा यांचा राख वा खत म्हणून जमिनीस परत उपयोग, बांधावरील गिरिपुष्पाचा पाला गुंठ्यास सुमारे ३० किलो या प्रमाणात चिखलात गाडणे, दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर अशी आलटून पालटून अंतरे ठेवून एका चुडात दोन-तीनच रोपे लावणे, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. मुठीने फेकलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते. खोचलेले मुळांशी राहते. कमी रोपे लागत असल्याने बीही कमी लागते, म्हणजे हिशेबातील पहिली वजाबाकी लहान होते. दोरी धरण्याचे काम मुलांस येते व आवडते. फळ्यावरील घराचे भात या रीतीने चारऐवजी पाच क्विंटल झाले असे धरले, तर एक महिना मिळाला.

उतारावरील जमीन वाहून जाऊ लागली तर मात्र कोणतीही पद्धत चालत नाही. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव-जुन्नर भागात पडकईची चाल आहे : आज याच्या शेतावर सर्वांनी मिळून दगडी बांध घालावयाचा, उद्या त्याच्या. उताराचे खाचर होते, माती अडते. जेथे ही चाल मोडली तेथे रोजगार हमीच्या कामांतून बांधबंदिस्ती होऊ शकते.

शेळ्या, कोंबड्या व फळझाडे यांचे मोल वेळेत आहे. शेळी श्रावणात विकता येते. भात श्रावणात विकता येत नाही. दक्षिण गुजरातेत वांसदा येथे १९८२ पासून बायफने सुरू केलेल्या वाडी प्रकल्पात आदिवासी कुटुंबांनी एकरभर जमिनीत आंबा-काजू व कडेने वनवृक्ष लावले, मधल्या पट्ट्यांत अन्नधान्य चालू ठेवले. पुढे ती पद्धत महाराष्ट्रातही आली. झाडे फळास येईपर्यंत चार-पाच वर्षे जातात, तोवर मधले पीकच घर चालविते. हे न सांगता केवळ रोपे वाटली गेली तेथे ती वाळली.

गावाचा धान्यकोष हाही एक उपाय आहे. सुगीस प्रत्येक घराने ठराविक धान्य घालावयाचे, पावसाळ्यात गरजूने न्यावयाचे व अल्प वाढीने परत करावयाचे. चांगल्या वर्षी तो चालतो. दोन वाईट वर्षे लागोपाठ आली की परतफेड थांबते, कोठी गळते, किल्ली एकाच घरी राहिली की संशय वाढतो. जे कोष टिकतात त्यांचे वजनमाप व नोंदवही चारचौघांसमोर होते, आणि नोंदवही लिहिण्यास सहावीची मुलगी पुरेशी होते.

या सर्वांस मर्यादा आहे, ती लपवू नये. ज्या घरास दहाच गुंठे जमीन आहे, त्यास बी व उतारा यांच्या गोष्टी सांगून भागत नाही. त्यास मजुरी व शिधा यांचाच आधार लागतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडून व पाझर तलावांवर खपून जगली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २००५ साली देशभरासाठी तसा कायदा आला. त्या वर्षीची सुकडी व परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी घरच्या वृद्धांना स्मरत असेल. मुलांनी त्यांच्याकडून ती हकीकत लिहून आणावी. लिखाणाचा याहून चांगला विषय शोधूनही सापडणार नाही.

वर्गातील दक्षता

‘कोणाच्या घरचे धान्य संपले आहे, हात वर करा’ असे कोणत्याही परिस्थितीत विचारू नये. गरिबीची हजेरी घेतल्याने मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, आणि आले तरी खरे सांगत नाही. गावाचा तक्ता करावयाचा झाल्यास नावाविना करावा. बारा महिन्यांचे बारा खोके ठेवावेत, प्रत्येक विद्यार्थ्याने घरी विचारून, ज्या महिन्यात घरचे धान्य संपते त्या खोक्यात एकेक गारगोटी कोणी न पाहता टाकावी. ज्यास वर्षभर पुरते त्याने आश्विनात टाकावी. शनिवारी गारगोट्या मोजून स्तंभालेख काढावा. कोणत्या महिन्याचा स्तंभ उंच होतो हे पाहून गाव मोठ्या माणसांसह चकित होते, असा हा तक्ता असतो. तो शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत लावण्यापूर्वी मुलांची संमती घ्यावी.

वैशाखातील प्रयोग

उगवणशक्तीची परीक्षा ही शाळेने गावास देण्याजोगी सेवा आहे. उन्हाळी सुटी लागण्यापूर्वी किंवा सुटीत गावात असणाऱ्या मुलांकरवी ती करता येते. प्रत्येक घरून बियाण्याच्या मडक्यातील वरचे, मधले व तळचे मिळून १०० दाणे मागवावेत. निवडून चांगले दाणे आणू नयेत, हे बजावून सांगावे. मुले हटकून चांगलेच दाणे आणतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे व रोज पाणी शिंपडावे. भाताचे मोड सातव्या-आठव्या दिवशी मोजावेत. ८० किंवा अधिक उगवले तर बी उत्तम. ६० ते ८० च्या दरम्यान असेल तर रोपवाटिकेत त्या प्रमाणात बी वाढवून टाकावे. ते किती, हे त्रैराशिकाने मुलांनीच काढावे. ६० च्या खाली आले तर ज्या घरचे बी आहे तेथे त्याच दिवशी सायंकाळी जाऊन, इतरांसमोर न बोलता, सांगून यावे. २५ मेच्या सुमारास रोहिणी निघते. परीक्षा १० मेपर्यंत पुरी झाली असेल, तर दुसरे बी मिळविण्यास त्या घराच्या हाती दोन आठवडे राहतात.